चिनी मसाला आणि तुझी भावजय

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघे वाकायला तयार नाहीत, म्हणून उभ्यानेच नमस्कार. तुझी कंबर काय म्हणते? भावोजींचा खोकला? इकडे सारं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. पण तापानंतर तुझ्या भावजयीला वास येईनासा झाला तो झालाच. शेजारणीचं दूध उतू जायच्या आधी इथून हाक मारणारी बाई ती. आता पुढ्यात येईल ते मुकाट्याने खाते. (कालची करपलेली भाजीही खाल्ली. ती मी केली होती.) सगळ्यांत वाईट म्हणजे माझ्यावर ओरडत नाही. घर खायला उठतं गं.

म्हणून तू पाठवलेल्या त्या चिनी पाच मसाल्यांचा घाट घातला. इतका उग्र वास, की नाक झोपलेलं असलं तरी उठून बसेल, असा माझा होरा. चक्रफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप ही मंडळी ओळखीची. पाचवी ती चिनी मिरी. तिच्या काळ्या बिया वेगळ्या कर, असं तू फोनवर बजावलंस. केल्या. डोळ्याला भिंग लावून, घड्याळं दुरुस्त करायच्या चिमट्याने, एकेक. (दुकानात गिऱ्हाइकं ताटकळली. त्यांची घड्याळं बंदच होती, त्यामुळे उशीर झाल्याचं कुणाला सिद्ध करता आलं नाही.) मग बिया जपून वाटीत ठेवल्या नि टरफलं केरात टाकली. जन्मभर शेंगा सोललेल्या माणसाने दुसरं काय करायचं?

सगळं मंद आचेवर ठेवून मी पुढच्या दुकानात गिऱ्हाइकाकडे वळलो, तेवढ्यात बडीशेप जळाली. करपट वास जिन्यावर पोचला. वरचे मास्तर बादली घेऊन धावत आले. आणि ही शेजारच्याच खोलीत शर्टाला बटण लावत बसलेली. "काय झालं हो मास्तर?" तिने विचारलं. ताई, मला हसू आलं नाही. कढई घासायच्या निमित्ताने मी बराच वेळ पाठमोरा उभा राहिलो.

मग तुला फोन केला, टाकायच्या त्या बिया आणि वापरायची ती टरफलं हे कळलं, तुझं हसणं ऐकून घेतलं, केरातून टरफलं उचलून निवडली आणि बाकीचं नव्याने भाजून सगळं मिक्सरवर दळलं. भोकांच्या झाकणाची डबी तिच्या नाकाशी नेली. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "आला हो. छान आहे वास." ताई, तिथेच रेंगाळलेल्या मास्तरांना मी मिठी मारली.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र संपवून स्वयंपाकघरात गेलो. पूड अजून मिक्सरच्या भांड्यातच आहे. मी हुंगायला दिली ती धुऊन ठेवलेली रिकामी डबी. माझं मन राखलं तिने. मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो, तोच आतून आवाज आला. ओट्यावर राहिलेलं एक टरफल तिने सहज जिभेवर ठेवलं होतं. "अहो, जीभ झिणझिणतेय माझी! काय विष आणलंत घरात? आणि कढईची ही काय दशा केलीत? वन्संना सांगतेच आता!" अजून ओरडतेय. वास राहू दे. चक्रफूल वगैरे काही नको. ती मिरी तेवढी पाठव, भरपूर पाठव. बियांसकट चालेल, निवडायला मी आहे.