दोन खोक्यांतली सायकल

प्रिय धाकट्या,

सायकलचा विषय काढला की तू "डोळे गेले, ताई, आता तो नाद संपला" म्हणतोस आणि फोन ठेवून देतोस. पत्राचं तसं नाही. वहिनी वाचतायत, तुला गुमान ऐकावं लागणार. वहिनी, एक शब्दही गाळायचा नाही हं!

तर मी सायकल घेऊन निघाले. सून म्हणाली, आई, या वयात लोक गुडघे धरून प्रवास करतात, तुम्ही हँडल धरून करणार का? रेल्वेत सायकल सामानाच्या डब्यात चढली आणि माझा जीव तिच्यापाशी अडकला. स्टेशन आलं की उतरून डोकावायची. शेवटी डब्यावरच्या माणसानं हातच जोडले, "मावशी, सायकल कुठं पळत नाही, गाडी मात्र पळेल!"

विमानाची तऱ्हा वेगळी. सांगाडा मधोमध उघडून दोन खोकी करायची होती. चाकांतली हवा काढली, पेडलं काढायला बसले. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात हे मला कुठं ठाऊक! सोडवतेय समजून आवळतच राहिले. मागची रांग माझ्या नावानं बोटं मोडत होती. वैतागून पाना उलटा फिरवला, तर पेडल अलगद हातात!

उतरल्यावर एकच खोकं आलं. पट्टा थांबला, माणसं पांगली. अर्ध्या सायकलीचं मी काय करणार होते? एवढ्यात बाजूच्या दारातून दोघे हमाल दुसरं खोकं घेऊन आले, तेही उलटं धरून. तिथंच फतकल मारली आणि जोडायला घेतली. साखळी बसली, हवा भरली, चाक फिरलं, बघ्यांनी टाळ्या वाजवल्या! दारावरचा पहारेकरी म्हणाला, "आजी, सायकल दोघांची दिसतेय. मागची सवारी कुठाय?" म्हटलं, तिलाच न्यायला निघालेय, आणि टांग मारली.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही, धाकट्या. वहिनींच्या हाती देऊन मी तुमच्या जिन्याखाली उभी आहे. रस्ता बघायचं, ब्रेक दाबायचं काम माझं. मागच्यानं नुसतं पेडल मारायचं. चढ लागला की माझा दम संपतो, तुझा कधी संपला नव्हता. आता घंटी वाजेल. बूट चढव आणि खाली ये.

पुढच्या सीटवरची,
तुझीच ताई