सहीची जागा

लाडक्या ठमे,

नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांना बँकेचे व्यवहार शिकवणारा एक वर्ग आहे. मी बँकेतून निवृत्त झालेला, म्हणून मलाही बोलावलं. पहिल्याच दिवशी माती खाल्ली. एक शिवणकाम करणारी बाई खातं उघडायचा फॉर्म भरत होती. मी मागून वाकून कागदावर बोट ठेवलं, "इथे सही कर, बाळ." तिने पेन खाली ठेवलं.

वर्गाच्या ताई हळूच म्हणाल्या, "काका, समोर बसा. तिला आधी वाचू दे. सही नाही केली तरी चालतं इथे."

"आणि बाळ नका म्हणू," ती बाई म्हणाली, "मलाच दोन आहेत." सगळ्या हसल्या. मला मात्र तू आठवलीस.

तुझा पगार जावयांच्या खात्यात जावा म्हणून केलेल्या कागदावर मीच असं बोट ठेवलं होतं. तू म्हणालीस, "बाबा, वाचू तरी द्या." मी म्हणालो, "घरच्या माणसांत काय वाचायचं?"

आता संध्याकाळी खिडकीशी तुझ्या शाळेतल्या कविता म्हणतो. तुझा आवाज ऐकायला जीव आसुसतो गं.

तू नवऱ्याचं घर सोडलंस आणि नवा पत्ता मलाही दिला नाहीस. बँकेतल्या जुन्या मित्राने तो शोधून दिला असता. काल त्याला फोन लावला, आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. पत्ता तुझा आहे. द्यायचा की नाही, तू ठरव. तोवर हे पत्र माझ्यापाशीच राहील.

तुझी वाट पाहणारा,
बाबा