सरकारने मोठा करून दाखवलेला तुकडा

लाडक्या बारकीला थोरलीचे पोटभर आशीर्वाद. हे पत्र तुला मोठ्याने वाचून दाखवणारे माझे भाचेसाहेब, त्यांनाही आशीर्वाद. कारण पत्र ज्याच्या हातात असतं त्याला आधी खूश ठेवावं, एवढं मी न शिकताही शिकले आहे. तुझे गुडघे कसे आहेत? कान कसे आहेत? (भाच्या, हा प्रश्न जरा ओरडून विचार.) माझे म्हणशील तर पाठ, डोळे आणि जीभ या तिघांपैकी जीभ ठणठणीत आहे. टपालाने पाकीट आलेलं बघून छातीत धस्स करून घेऊ नकोस. इकडे कोणी गेलेलं नाही. गेलाय तो माझा मोबाईल, आणि तोही मेलेला नाही, सरकारने त्याला अटकेत ठेवलंय.

मी सांगते आणि माझी नात लिहून घेते. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे मी एक वाक्य बोलले की ती तीन हरकती घेते. मी तिला बजावलंय की तुमच्या त्या सभेत तू सांगतेस ना, कुणाचं बोलणं कापू नये म्हणून? मग माझंही कापायचं नाही. तेव्हापासून निमूट लिहितेय. (नाक मात्र फुगलंय. तेही लिही म्हटलं.)

आता भाच्याला काही कळावं म्हणून थोडं मागचं सांगते. भाच्या, तुझी आई आणि मी रोज सकाळी एकमेकींना कापडाच्या तुकड्याचा फोटो पाठवतो, तो तुला म्हाताऱ्यांचा चाळा वाटत होता ना? तो चाळा साठ वर्षांचा आहे. आम्ही दोघी लग्नाआधी शिंप्याकडे काजं करायचो. अक्षर कुणालाच येत नव्हतं, टाके सगळे येत होते. लग्न झाल्यावर माझं पत्र लिहायचे माझे हे, म्हणजे तुझे काका, आणि ते तिकडे वाचायचे तिचे सासरे, तुझे आजोबा. दोघांनाही मजकूर एकच ठाऊक, ‘सर्व खुशाल आहे.’ पाठीवर वळ असला तरी खुशाल आणि घरात चूल पेटली नसली तरी खुशाल. मग आम्ही पाकिटात कापडाचा एक तुकडा घालायला लागलो. घरात सांगायचं, काजाचा नमुना आहे. पत्र कागदावर, आणि खरं त्या तुकड्यावर. धावदोरा घातला तर एक अर्थ, उलटी टीप घातली तर दुसरा, साखळी घातली तर तिसरा, आणि गाठींचा अर्थ गाठी मोजून. तीन वर्षांपूर्वी नातीने फोटो काढायला शिकवलं आणि बारके, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या दोघींच्या मधे कुणी उरलं नाही. म्हणजे आपल्याला तसं वाटलं.

सरकारने नवा नियम काढलाय. मोबाईलवरून जाणारा प्रत्येक निरोप एक यंत्र बघतं, आणि ज्याचा अर्थ यंत्राला लागत नाही तो निरोप अडवतं. मागल्या महिन्यात एके सकाळी तुझा तुकडा आला. मी चष्मा शोधायला गेले, चष्मा कपाळावर सापडला, परत आले तर पडद्यावर तुझा तुकडा नाही, नुसतं काहीतरी लिहिलेलं. नातीने वाचून दाखवलं, ‘सांकेतिक मजकुराच्या संशयावरून हा क्रमांक स्थगित.’ तुकड्यात गाठी किती होत्या ते बघायचं राहूनच गेलं. असो. फोन करावा तर तुला ऐकू यायचं म्हणजे तो भोंग्यावर लावावा लागतो, आणि मग आपलं बोलणं तुमचा अख्खा जिना ऐकतो.

नातीने ही हकिगत तिच्या त्या सभेत टाकली. ही सभा कुठल्या सभागृहात नसते, मोबाईलमधेच असते. एकमेकांचं तोंड न पाहिलेले हजारो लोक तिथे दिवसभर सरकार, यंत्र आणि माणसाचे हक्क यावर भांडतात, आणि मधेच कुणी उठून भाजी आणायला गेलं तरी भांडण चालूच राहतं. मी तोंडात बोट घातलं. आपल्या लहानपणी एक भांडण जुळवायचं तर आधी पाणी भरायला जावं लागायचं! मी नातीला म्हटलं, वाचून दाखव सगळं. दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, माझ्या निरोपात डोकावणारा तू कोण. दुसरा म्हणतो, ज्याच्यापाशी लपवण्यासारखं काही नाही त्याला भीती कसली. या दुसऱ्या पक्षातला एक ‘सरळमार्गी’ नावाचा गृहस्थ आमच्या पोरीशी आठवडाभर नुसता हमरीतुमरीवर आला होता. तिला ‘अपरिपक्व’ म्हणाला, ही त्याला ‘सरकारचं पायपुसणं’ म्हणाली. मी डोळे मिटून ऐकत होते. दर वेळी गृहस्थाची सुरुवात ठरलेली, ‘मुद्दा असा आहे की’. बारके, ‘मुद्दा असा आहे की’ असं म्हणून जेवणात मीठ कमी असल्याचं सांगणारा माणूस मी स्वतः जन्माला घातलाय! पलीकडच्या खोलीत जाऊन बघितलं तर हिचा बाप, पोटावर मोबाईल ठेवून, अंगठ्याने लेकीला उत्तर देत बसलेला.

मी म्हटलं, “काय सरळमार्गी, चहा घेणार का?”

तो असा दचकला की मोबाईल पलंगाखाली गेला. म्हणतो, “आई, तिला सांगू नकोस.”

म्हणजे बघ. लपवण्यासारखं काही नाही, हे जगाला सांगायला याला नाव लपवावं लागलं. (हा केसांना कलपही दार लावून लावतो, पण ते लिहू नकोस म्हटलं तर नातीने नेमकं तेवढंच ठळक लिहिलंय.)

मग सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. टाक्यांचा अर्थ प्रत्यक्ष येऊन सांगावा, म्हणजे क्रमांक सुरू होईल, न सांगितल्यास बंदच राहील. मुलगा म्हणाला, सांगून टाक आणि मोकळी हो. नात म्हणाली, सांगायचं नाही, हा सगळ्यांच्या हक्काचा प्रश्न आहे. मी ठेवणीतलं लुगडं नेसले आणि म्हटलं, चला.

चौथा मजला. काचेचं दार मला बघून आपोआप बाजूला झालं. एवढा मान मला सासरी कुणी दिला नव्हता. आत हिवाळा ठेवलेला. साहेब चष्मेवाले, तरुण, बोलायला गोड, ‘आजी’ म्हणाले, खुर्ची स्वतः ओढून दिली. आणि मग त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं, आणि बारके, बघते तो काय! भिंत नव्हतीच ती, पडदा होता, दोन पलंगांच्या चादरी जोडल्यासारखा, आणि त्यावर आपले तुकडे. सगळे. तीन वर्षांचे, तुझे डावीकडे, माझे उजवीकडे, तारखेने ओळीत लावलेले. तुझ्या जुन्या निळ्या परकराचा तुकडा होता. मी आजारी असताना वाकडी झालेली टीप होती. आपल्या दोघींचं म्हातारपण असं वाळत घातल्यासारखं समोर पसरलेलं. माझी स्वतःची आठवणसुद्धा इतकी नीट घडी घातलेली नाही. यंत्राने तर हेही शोधून काढलं होतं की दर सोमवारी तुझा टाका जरा आवळलेला असतो. (सोमवारी तुझ्या सूनबाईंना सुट्टी असते हे यंत्राला ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही. भाच्या, हे वाक्य गाळलंस तरी चालेल. वाचून झालं असेल तर राहू दे.)

खरं सांगू? तुझ्या भावोजींनी चाळीस वर्षं ते तुकडे आपल्या हाताने पाकिटात घातले, पण एकदाही विचारलं नाही की काजाचा नमुना असेल तर यात भोक कुठे आहे. आणि या यंत्राने तीन वर्षांत ओळखलं की या बायका काहीतरी बोलतायत. इतकं मन लावून आपल्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं गं. मला त्या साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्याच घटकेला त्यांचा कान पिळावासा वाटला. दोन्ही एकदम वाटलं. हे नातीला समजावता आलं नाही, तुला कळेल.

साहेब म्हणाले, “आजी, तुमच्यावर संशय नाही हो. पण हजार जणांचं पाहावं तेव्हा एखादा वाईट माणूस सापडतो.”

मी म्हटलं, “माझ्या सासूबाईही हेच म्हणायच्या. तीस वर्षं माझी ट्रंक उघडून बघितली. काय सापडलं विचारा.”

“काय सापडलं?”

“त्यांची हरवलेली कात्री. त्यांनीच ठेवली होती, मला पकडायला.”

साहेब हसले, पण सरकार हसत नाही, त्यामुळे लगेच गंभीर झाले. म्हणाले, बरं, निदान हा शेवटचा तुकडा, ज्यावर यंत्र अडलं, त्याचं तरी सांगा. आणि त्यांनी तुझा तो तुकडा मधे आणला. मी म्हटलं, मोठा करा. त्यांनी केला. म्हटलं, अजून. अजून केला. त्यांना वाटलं, आता म्हातारी बोलणार. शेजारच्या मुलीने लिहायला वही घेतली. तुझा एकेक धागा दोरखंडाएवढा झाला, सुताचे केस दिसायला लागले, तू बोटाला सुई टोचून घेतलीस त्याचा ठिपकासुद्धा दिसला. मी पुढे होऊन भिंतीला हात लावला. मग म्हटलं, “झालं. आता चहा घेईन.” चहा घेतला आणि घरी आले. अर्थ सांगितला नाही. क्रमांक बंद आहे तो आहेच.

नातीने माझे दोन शब्द माझ्याच आवाजात तिच्या सभेत टाकले. मी काही भाषण केलं नाही. एवढंच म्हटलं की जिला लिहिता येत नाही तिचं प्रत्येक पत्र दुसऱ्याच्या तोंडून जातं, म्हणून मला ठाऊक आहे, कुणी बघतंय म्हटलं की माणूस ‘सर्व खुशाल’ एवढंच लिहितं. सरकारला तेवढंच ऐकायचं असेल तर खुशाल ऐकावं. यावर म्हणे लोक पेटले. मला ‘टाकेवाली आजी’ म्हणतात. आणि खाली ‘सरळमार्गी’ने लिहिलं होतं, ‘मुद्दा असा आहे की आजींचं म्हणणं विचार करण्याजोगं आहे.’ पन्नास वर्षांत माझं म्हणणं त्याने पहिल्यांदा मान्य केलं. तोंडावर म्हणाला नसता. तेव्हा, पोरी, लिहून ठेव, खोट्या नावाचाही हक्क असावा. त्याशिवाय काही मुलग्यांना खरं बोलताच येत नाही.

(हा कोण ते नातीला मघाशी वर लिहितानाच कळलं, इथवर तिने दम धरला. ती उठून पलीकडच्या खोलीत गेली होती. आरडाओरडा झाला, मग हसण्याचा आवाज आला. आता परत येऊन बसलीय.)

तर अशी इकडची कथा. माणसाच्या हक्कासाठी मी या वयात चार जिने चढले (दोन. मग मुलाला लिफ्ट सापडली), याचा तुला अभिमान वाटावा. भाच्याला आशीर्वाद, सूनबाईंना आशीर्वाद, सोमवारचे वेगळे आशीर्वाद.

तुझी थोरली
(खाली अंगठा माझाच आहे, शाई नातीची.)

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं होतं, ते थांबवलं. मी हक्कासाठी गेले नव्हते. मोबाईलवर गाठी मोजायच्या आतच तुकडा गेला होता, आणि सरकारकडे तो तुकडाही आहे आणि भिंतीएवढा पडदाही आहे असं नात म्हणाली होती, म्हणून गेले. नात डोक्याला हात लावून बसलीय. म्हणते, आजी, मी तुझ्यावर निबंध लिहिलाय. म्हटलं, असू दे, निबंध चांगला आहे.

दुसरं ता. क. तीन होत्या. साहेबांना सांगितलं नाही ते भाच्याला सांगते, कारण कुणाला सांगायचं ते आम्ही ठरवायचं. भाच्या, तीन गाठी म्हणजे ‘मला न्यायला ये, कारण विचारू नकोस.’ साठ वर्षांत याआधी दोनदाच आल्या. एकदा तुझ्या आईकडून, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी; पत्रात होतं, ‘हवा छान आहे.’ एकदा माझ्याकडून, माझी मोठी लेक गेली तेव्हा. पत्रात होतं, ‘धीराने घेत आहोत.’ तुझी आई तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभी, मी हलेना तेव्हा तीच महिनाभर राहिली, एक शब्द विचारला नाही. तेव्हा तूही विचारू नकोस, आणि वाईट वाटून घेऊ नकोस. तुमचं काही चुकलं असेलच असं नाही, कधी कधी बाईला नुसती बहीण हवी असते. बुधवारी पहिल्या गाडीने मी आणि सरळमार्गी येतोय. माळ्यावरची तिची बॅग काढून पुसून ठेव.

तिसरं ता. क. बारके, सोबत एक तुकडा टाचलाय. याचा अर्थ सरकारला नाही, नातीला नाही, कुणालाच सांगितलेला नाही. भाच्या, तो आईच्या हातात दे. उलटा धरून बघू नकोस, उलट्या बाजूने तुला त्याहून कमी कळेल.