नत्थूचं ‘हव’

८ जानेवारी २००१, रायपूर
यवतमाळ सुटलं एकदाचं. शंकर नगरातल्या दवाखान्यात रुजू झालो. नवी राजधानी, जिकडेतिकडे पाट्यांवरचं ‘म. प्र.’ खोडून ‘छत्तीसगढ’ रंगवून राहिले. आमचे मोठे डॉक्टर श्यामराव सर आपल्याच वर्ध्याकडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मले गुडघ्यातलं पाणी काढणं शिकवलं. पाय सैल, वाटीच्या बाहेरच्या अंगानं सुई. पाणी तेलासारखं पिवळं, साफ आलं तर त्याच सुईतून सुजेचं औषध सोडायचं. गढूळ आलं तर पू समजायचा, औषध सोडायचंच नाही, पाणी तपासायला धाडायचं.

१९ जानेवारी
हात बसला. सरांपेक्षाही हलका, असं पेशंटच म्हणतात. लोक मोठे गोड. काही विचारा, ‘हव’ म्हणतात, म्हणजे हो. दुखतं का? हव. बरं वाटतं का? तरी हव. आता मी विचारतो अन् उत्तर ऐकतच नाही.

२ फेब्रुवारी
उरला वसाहतीतल्या लोखंड कारखान्यातला नत्थू आला, संगं बायको शारदा. गुडघा टम्म. थंडी वाजून ताप येतो का विचारलं. हव म्हणाला. पाणी जरासं पांढुरकं दिसलं. बाहेर रांग होती. औषध सोडून दिलं.

६ फेब्रुवारी
नत्थू गेला. पू रक्तात भिनला. शारदा माझ्याच पाया पडली, डॉक्टर भैयांनी खूप केलं म्हणे. सरांनी पाण्याचा रंग विचारला. मी पिवळा सांगितला. लाज वाटते मले माझी.

९ फेब्रुवारी
माझाच उजवा गुडघा सुजला. पडलो नाही, मार नाही. काहून सुजला? सकाळी चोळता चोळता सहज म्हटलं, दुखून राहिलं का रे. वाटीखालून उत्तर आलं — हव.

११ फेब्रुवारी
भर दुपारी सरांनी एका बाईला ताप आहे का विचारलं. तिच्याआधी माझा गुडघा बोलला. सरांनी माझ्याकडे पाहिलं — मी खोकलो —

१२ फेब्रुवारी
शारदा बाहेर बसली आहे. नत्थूचे कागद न्यायला आली. सांगू तिले खरं? हव. नाही सांगवत — दार लावलं. स्वतःच सुई घातली. पांढरं. गढूळ.

थांबू? हव —

पण सिरिंजचा दट्ट्या बाहेर ओढतो तर आतच जाऊन राहिला — सगळं परत आत — हाक मारली तर शारदा येईल, पण मग सांगावं लागेल —

आता गुडघाच विचारून राहिला. डॉक्टर भैया, थंडी वाजते का?

वाजते. शारदाबाई, मी — ह