बिनमिठाचे पान

॥ आई एकवीरा साक्ष ॥

मी, परशुराम धर्मा भोईर, जात आगरी, धंदा मिठागर व शेती, राहणार ठाणे, वय साठीच्या पुढे नक्की किती ते आईला ठाऊक होते आणि ती गेली, हा कागद माझ्या हाताने लिहितो. बुद्धी शाबूत आहे. दारू घेतलेली नाही. मानगुटीवर कोणी बसलेले नाही. शहरात गाठीचा ताप फिरतो आहे आणि सकाळी बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी भेटेलच असे राहिलेले नाही, म्हणून माझ्यामागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते आज लिहून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. निवडणुकीत वचने मात्र पुष्कळ केली. या कागदाने ती रद्द होत नाहीत, हीच माझी पंचाईत आहे.

कलम पहिले. वडिलांपासून आलेले भाताचे शेत माझा मुलगा सहदेव याचे आहेच. ते मी देत नाही आणि मला अडवताही येत नाही. मी कष्टाने मिळवले ते एवढेच: ठाण्यातले राहते घर, खाडीवरच्या मिठागरातला माझा हिस्सा, आणि कोपरीतला टेकाडावरचा जमिनीचा तुकडा. या तुकड्याविषयी 'कष्टाने' हा शब्द लिहिताना हात अडखळला. का, ते पुढे येईल.

कलम दुसरे. राहते घर माझी बायको शालू हिने जिवंत असेपर्यंत वापरावे. तिला कोणी 'आता माडीवर चढवत नसेल, खाली झोपा' असे सांगून माडीवरून हलवू नये. तिचे दागिने तिचेच आहेत. नथ माझ्या निवडणुकीत गहाण पडली होती, ती मी सोडवून आणली, पण एक मोती बदललेला आहे असे ती आजतागायत म्हणते. मी नाही म्हणत आलो. मोती बदललेला आहे. आता लिहितोय तर ती मागे उभी राहून म्हणते, "मरताना तरी थोडक्यात लिवा." तिला अक्षर वाचता येत नाही, पण कागद किती भरला ते दिसते.

कलम तिसरे. म्युनिसिपालिटीच्या सभेचे माझे लाल पागोटे, पांढरा अंगरखा आणि चांदीच्या मुठीची काठी. या वस्तू सहदेवाने मागितल्या आहेत. काठी विकावी. पागोटे आणि अंगरखा कुणालाही द्यावा, सहदेवाला देऊ नये.

कारण सांगतो. सरकारने लोकांनी मेंबर निवडायचे असे ठरवले, त्या पहिल्या निवडणुकीत मी उभा राहिलो आणि निवडून आलो. कोपरीचा, मिठागराचा, आगऱ्यांचा पहिला मेंबर. पुढे जेवढी वर्षे बसलो तेवढ्यांत माझी कामगिरी कोणी विचारली तर खरी ही आहे: हात वर केला. बाजारात फरशी बसवण्याला हात वर केला. दिव्यांना केला. साहेबाच्या निरोपाच्या पानसुपारीलाही केला. विरुद्ध एकदाही गेलो नाही. लोक मला पाठीमागे 'हातवर शेठ' म्हणत. मला वाटे, कौतुकाने म्हणतात.

बोललो एकदाच. कोपरीच्या विहिरीचा ठराव होता. उठून म्हणालो, "कोपरीच्या बायका रूळ ओलांडून पानी आणतात." पाणी नव्हे, पानी. समोरच्या बाकावर एक वकील होते, ते शेजाऱ्याला म्हणाले, "ण कुठे सांडला यांचा?" दोघेतिघे हसले. मी खाली बसलो. त्या वकिलांवर माझा राग अजून आहे आणि तो मी कोणाच्याही नावे करून देत नाही, बरोबर नेतो.

पण त्या हसण्यामुळे विहीर बुडाली, असे जे मी लोकांना सांगत आलो, ते खोटे आहे. ते पुढल्या कलमात.

कलम चौथे. निवडणुकीचा खर्च. ज्याने घरपट्टी भरली त्यालाच मत, असा कायदा होता. कोपरीत पट्टी थकली नाही असे घर विरळा. माझा जिवलग काळुराम केणी, मिठागरात माझ्या जोडीला मीठ ओढलेला, तो म्हणाला, "परशा, मतं हायेत, पन पट्टी नाय भरली तं मत कंचं?" तेव्हा खाडीवरच्या वखारीच्या शेठांकडे गेलो. त्यांचे नाव लिहीत नाही. ते वारले, आणि त्यांनी मला फसवले नाही. त्यांनी साऱ्या कोपरीची पट्टी भरली, मत द्यायला जायच्या बैलगाड्या दिल्या आणि आदल्या दिवशी जेवण घातले. बदल्यात काय, ते त्यांनी तोंडाने सांगितलेसुद्धा नाही. एवढेच म्हणाले, "भोईर, वखारीपर्यंत गाड्या चिखलात रुततात हो."

त्या जेवणाची पंगत डोळ्यापुढून जात नाही. आमच्या माणसांच्या तळपायांना मीठ चरे पाडते, पण मिठागरातून मूठभर मीठ घरी नेले तर शिपाई धरतो. पानावर सगळ्यांत आधी मीठ वाढतात तसे ते वाढले. काळुराम उभा राहून म्हणाला, "मीठ आपुनच काडलेलं हाय, पन इकत घेऊन वाडलंय परशानं. म्हंजे त्याचं झालं. खाल्ल्या मिठाला जागाचं!" सगळे हसले आणि दुसऱ्या दिवशी एकूण एक जागले. मत तोंडानेच सांगायचे होते; कचेरीत एकेक जण पुढे जाऊन माझे नाव घेत होता. पायस परेरा, कोपरीतला ख्रिस्ती शेतकरी, त्याने तर आत शिरण्याआधीच माझे नाव घेतले आणि शिपायाने त्याला बाहेर काढून पुन्हा आत घेतले.

आता विहीर. कोपरीच्या विहिरी मचूळ. टेकाडावर तेवढे गोडे पाणी लागेल असे पाणाड्याने सांगून तिथे नारळ ठेवलेला होता. म्युनिसिपालिटीकडे पैसा एकाच कामापुरता होता: विहीर किंवा वखारीचा रस्ता. मते सारखी पडत होती. मी उठलो, 'पानी' म्हणालो, ते हसले, मी बसलो. मग रस्त्याला हात वर करा म्हणाले, आणि माझा हात वर गेला. हसण्याने माझे तोंड बंद झाले असेल. हात नाही. हात पट्टी भरली त्या दिवशीच विकलेला होता.

रस्ता झाला. रस्त्याकडेचे टेकाड महागणार हे सभेत बसणाऱ्याला आधी कळते, म्हणून मी ते स्वस्तात घेऊन ठेवले. तोच हा कष्टाने मिळवलेला तुकडा.

काळुराम भांडला नाही. "र्‍हावं दे, फुडल्या सालाला बघू," म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यात रुळांपलीकडच्या ज्या तळ्यातून पाणी आणत त्याचा चिखल झाला, त्यातलेच पाणी लोक प्याले, आणि पटकीची साथ आली. काळुराम गेला. मी त्याच्या तिरडीला खांदा दिला, रडलोही, आणि ते रडणे खोटे नव्हते. पण विहिरीचा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही हे लिहिताना मला माझीच किळस येते.

कलम पाचवे. यात देण्याघेण्याचे काही नाही, तरी कलम करतो.

काळुरामच्या वर्षश्राद्धाला त्याची बायको सगुणा हिने मला जेवायला बोलावले. पंगतीत माझे पान तिने स्वतः वाढले. भात, वरण, भाजी, वडे, सगळे होते, मीठ नव्हते. आपल्याकडे देवाच्या नैवेद्याच्या पानावर मीठ वाढत नाहीत. मी छाती फुगवून जेवलो. घरी येऊन शालूला सांगितले, कोपरीत मला देव मानतात. त्यानंतर किती घरी, किती सभांत सांगितले त्याला गणती नाही. दर निवडणुकीत सांगितले, आणि त्यावर मते मिळाली.

गेल्या शनिवारी ग्रहण होते. सगळे घरात बसलेले. सहदेव येत्या निवडणुकीला उभा राहणार आहे, त्याला मी पुन्हा ते पान सांगत होतो. ओटीवर पायस बसला होता. ग्रहण पाळत नाही म्हणून त्याचे जेवण चालले होते. तो घास हातात धरून म्हणाला, "शेठ, देवाचा पान कंचा? मी त्या दिसा भाईर बसलेलो, बाटलेला मानूस, माज्या पानान पन मीठ व्हता. सगल्यांच्या व्हता. तुमच्याच नव्हता."

ग्रहण सुटल्यावर अंघोळही न करता मी कोपरीला गेलो. सगुणा अंगणात भात पाखडत होती. विचारले. तिने सूप खाली ठेवले नाही. म्हणाली, "भावजी, खाल्ल्या मिठाला जागाला लागतं. तुमाना ते जमाचं नाय. मंग उगाच कशाला वझं घालू तुमच्यावर?"

रागाने बोलली नाही. पाखडताना दाण्यातला खडा बाजूला करावा तसे सांगून टाकले. एवढी वर्षे जे मी डोक्यावर मिरवले ते तिने माझी दया येऊन केलेले होते.

कलम सहावे. मिठागरातला हिस्सा सहदेवाचा, पण एका अटीवर. तो निवडणुकीला उभा राहिला तर दुसऱ्याची घरपट्टी त्याने भरू नये, आणि त्याच्यासाठी वखारवाल्याने भरू नये. शेठांचे चिरंजीव हल्ली आमच्याकडे चहाला येतात. चहा मी पाजतो, पण ते रस्त्याकडे बघत पितात. अट मोडली तर हिस्सा शालूकडे जाईल. सहदेवाला ही अट परवाच सांगितली. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही घेतलात तेव्हा चाललं. मी पैशाशिवाय निवडून कसा येऊ?" मी म्हणालो, येऊ नकोस. तो दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. शिकलेला मुलगा आहे, 'पाणी' नीट म्हणतो. त्याला कोणी हसणार नाही, आणि त्याचीच मला भीती आहे. त्याच्याकडे सबबसुद्धा नसेल.

कलम सातवे. कोपरीतला टेकाडावरचा तुकडा, चतुःसीमा सोबतच्या कागदात, मी माझ्या मरणानंतर कोपरीच्या लोकांना विहिरीसाठी देतो. माझी पेटी फोडून जे निघेल त्यातून विहीर खणावी, दगडाने बांधावी. माझ्या नावाची पाटी लावू नये. जातपात न बघता तिथले पाणी सर्वांना मिळावे, आणि पायसच्या घरच्यांनी घागर बुडवली तर कोणी विहीर बाटली म्हणू नये. माझ्या तेराव्याला माझ्या नावाने पान वाढाल त्यात मीठ घालू नये.

येणेप्रमाणे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून वाचून पाहिले. मुक्काम ठाणे, माघ शुद्ध पंचमी, शके अठराशे एकोणीस, गुरुवार, तारीख २७ जानेवारी सन १८९८.

सही: परशुराम धर्मा भोईर, दस्तुर खुद्द.

साक्ष: पायस परेरा, राहणार कोपरी. सही येते म्हणून मोठी करतो असे म्हणाला. केली आहे.

साक्ष: सगुणा, भ्रतार काळुराम केणी, राहणार कोपरी.

तिच्या निशाणीची जागा कोरी का, ते मी लिहितो. तिला बोलावले, ती आली, खाली बसून सगळे ऐकले. सातवे कलम तिने दोनदा वाचायला लावले. मग म्हणाली, "इहिर चांगली लिवली, भावजी. पन तुमी मेल्यावर कशाला? जिते हाव ना अजून?"

मी निशाणीसाठी शाई तिच्यापुढे सरकवली. पायस जमिनीकडे बघत होता. सगुणा उठली. "निशानी आता नाय करत. पानी लागलं का बोलवा, तवा करीन. मीठ पन तवाच बघू."

म्हणून सातव्या कलमातले 'माझ्या मरणानंतर' हे शब्द मी खोडले आहेत. खोडणे माझेच आहे, त्यावर सही केली आहे. तुकडा आज दिला. काठी उद्या विकतो. सोमवारी खणायला सुरुवात होईल आणि पहिली कुदळ मी मारीन, छातीत कळ आली तरी. माझा कागद बघणारे वकील म्हणतात एका साक्षीने मृत्युपत्र कच्चे राहते, दुसरा कोणीही साक्षीदार चालेल, बाजारातून धरून आणा. मी आणणार नाही. कच्चे तर कच्चे. तोवर मरण्याची मला मोकळीक नाही असे समजतो.

दुसऱ्या साक्षीची जागा कोरी ठेवली आहे, पानी लागेपर्यंत.