शेवटची पोच

प्रिय ठमे,

अण्णांनी आजोबांचा फोटो भिंतीवरून काढला, एवढंच कळवलंस. पुढे एक शब्द नाही. शाळेतही माझी थाप पकडलीस की अशीच गप्प बसायचीस आणि मग मीच सगळं ओकून टाकायचे.

तुझ्या आजोबांच्या कागदांची पेटी न्यायला मी आले होते, तो दिवस आठवतो? त्या थोर कादंबरीकाराला गुप्तहेर करून मी रहस्यकथा लिहिते आणि तुझे आजोबा त्यांचे लेखनिक, म्हणून ऐंशीला टेकलेले अण्णा स्वतः माळ्यावर चढले. म्हणाले, लिही पोरी, आमच्या बापाचं नाव एखाद्या पुस्तकात तरी येऊ दे. आलं ना. चोर म्हणून आलं.

कादंबरीकारांचं शेवटचं हस्तलिखित गायब झालं, हे सगळ्यांना ठाऊक. आजोबा हस्तलिखिताची नक्कल करायचे, पानं पोचती केली की कादंबरीकारांच्या सहीची पोच घ्यायचे आणि दोऱ्यात ओवून ठेवायचे. त्या जुडीत शेवटची पोच तेवढी नव्हती. झालं, माझ्या अंगात आलं. पानं दिलीच नाहीत म्हणून पोच नाही, या एका गोष्टीवर मी अख्खं रहस्य उभं केलं. माझा गुप्तहेर शेवटी तोच दोरा बोटाला गुंडाळून लेखनिकासमोर उभा राहतो. वाचकांना हे फार आवडलं.

पेटी परत द्यायला आवरताना आजोबांच्या चष्म्याच्या घराचं अस्तर सुटलं. आत तीच शेवटची पोच होती. पुस्तक छापखान्यात होतं, एक फोन पुरला असता. मी चहा केला, प्यायले आणि चिठ्ठी शब्दकोशात सरकवली. सगळं आहे ना गं, असं तू विचारलंस; मी म्हटलं, टाचणीसुद्धा हलली नाही. पहिल्या पानावर 'ही कथा काल्पनिक आहे' असं छापलेलं होतंच. त्या ओळीमागे मी वर्षभर लपले. तूही मन मोठं केलंस, डोळे अधू झालेल्या अण्णांना पुस्तक कधी वाचून दाखवलं नाहीस.

परवा कादंबरीकारांच्या घरी, आताच्या संग्रहालयात, माझा सत्कार होता. माहिती सांगणाऱ्याने कोपऱ्यातलं मेज दाखवलं, म्हणाला, इथे तो चोर बसायचा. लोक हसले. मीही हसले गं. वळून पाहिलं तर दारात अण्णा, माझ्यासाठी फुलं घेऊन. फुलं त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि भिंत चाचपत निघून गेले. मला त्यांच्या मागे धावता आलं नाही.

सोबत ती चिठ्ठी आहे, मूळची, कादंबरीकारांच्या सहीची. 'मूळ आणि नक्कल, दोन्ही मिळाल्या. वाचून मन विटलं, शेगडीत घातल्या. कुणाला सांगू नका, लोक हसतील.' आजोबांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. लोकांची कुजबुज ऐकत जगले. संग्रहालयाला आणि प्रकाशकाला मी याची प्रत पाठवली आहे, माझ्या करणीसकट. पुढे माझं व्हायचं ते होवो. तू चिठ्ठी अण्णांना मोठ्याने वाचून दाखव, दोनदा. फोटो परत भिंतीवर लागला, तरच मला मिळाल्याची पोच पाठव. सही अण्णांची हवी.

तुझीच,
थापाडी