पूर्ण बाह्यांचा शर्ट

प्रिय सत्यजीत,

फोनवर हा विषय काढला की तू हसून पोरांच्या मार्कांवर जातोस, म्हणून पत्र. तू निघायच्या आत मिळावं.

तुझ्या निवृत्तीच्या मिरवणुकीची तयारी झाली. दौंड स्टेशनपासून गावापर्यंत उघडी जीप, डीजे. फ्लेक्स छापणाऱ्या ज्ञानूनं त्यावर तुझा चेहरा रणगाड्यातल्या जवानाला चिकटवलाय. मान जरा वाकडी आलीय. मानपत्र माझ्याकडे, कारण गावात मराठी शिकवणारी मीच. खर्डा ऐकून सरपंच विनोदआप्पा म्हणाले, "म्याडम, आजून दोन चकमकी घाला की. कोण मोजाया बसलंय?"

तेव्हा शिरूरच्या कॉलेजातलं आपलं ते जुनं नाटक आठवलं. सरदार रणातून पळताना ओढ्यात पडून पाय मोडून घेतो. लढाई न पाहिलेला शाहीर त्याचा पोवाडा रचतो. बायकोला खरं कळतं, तरी ती पोवाड्यावरच प्रेम करत राहते. ती बायको मी होते, तू पडदा ओढायचास. लोक पोट धरून हसले होते. मला ती बाई मूर्ख वाटायची.

दोन वर्षांनी, लष्करात लागल्यावर, तू मला मागायला आलास. आबांनी तुझ्या मनगटावरचा डाग पाहून विचारलं, "ह्ये काय झालं वो पाव्हणं?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, गोळी चाटून गेली. लष्करातला स्वयंपाकी जावई आबांना चालला नसता, असं तुला नंतर सांगितलं. खरं तर तो मलाच चालत नव्हता. लग्नानंतर एकदाच तू सांगितलंस, की तिकडे उंचावर डाळ लवकर शिजत नाही, कुकरच्या वाफेनं हात भाजला, तरी त्या दिवशी सगळी तुकडी गरम जेवली. मी म्हणाले, हे बाहेर बोलू नकोस. तेव्हापासून सुट्टीवर आलास की मे महिन्याच्या उन्हातही तू पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतोस. चौदा वर्षं झाली. आबा ती गोळी अजून पारावर सांगतात.

मानपत्र मी पुन्हा लिहिलंय. त्यात चकमक एकही नाही. कुकर आहे, डाळ आहे. आबा पहिल्या रांगेत असतील, आणि ती गोळी कुणी झाडली, हेही मी त्यांच्यासमोर वाचणार आहे. तुला नको असेल तर अलीकडे नगरलाच उतर, एसटीनं शिरूरला ये. मी स्टँडवर थांबेन आणि मानपत्र फाडून टाकेन. पण दौंडला उतरलास, तर बाह्या दुमडून उतर.

तुझीच, अजून पडद्यामागे बघणारी,
करुणा